तळमजल्यावरच्या कंडक्टर काकांना

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलता बोलता तुम्ही मध्येच थांबलात आणि म्हणालात, "इथं सगळं चांगलं आहे गं, पण खाली उतरलो की उजवीकडं जावं की डावीकडं, तेच सुचत नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही. ३४ वर्षं चालत्या बसमध्ये उभं राहून ज्या माणसानं अख्खं शहर पाठ केलं, त्याला असं म्हणायची वेळ यावी! तुम्ही मुलाकडे राहायला गेलात तेव्हापासून हे आभाराचं पत्र मनात घोळतंय. आज लिहायला बसले. उघडं पत्र लिहितेय, कारण नव्या शहरात सामान उतरवून भांबावून बसलेलं कुणीतरी हे वाचेल आणि तुम्ही मला जे दिलंत ते त्यालाही मिळेल.

आपली पहिली भेट आठवते? मला येऊन तीन आठवडे झाले होते. ऑफिस, घर, ऑफिस, तेही फोनमधल्या निळ्या रेघेवर नजर ठेवून. त्या रात्री फोन बंद पडला, मी एक थांबा आधी उतरले आणि कोपऱ्यावर उभी राहिले. तीन आठवडे रोज जायचे-यायचे तो रस्ता, आणि मला घर कुठल्या अंगाला आहे हेसुद्धा सांगता येईना. रडू यायचंच बाकी होतं. तुम्ही जेवणानंतरच्या फेरीला निघाला होतात. मला ओळखलंत, "वरच्या मजल्यावर नवीन आलीस ती तूच ना?" म्हणालात. मला वाटलं, आता हे पुढे होतील आणि मी निमूट मागे जाईन. तुम्ही म्हणालात, "तू पुढं चाल. मी मागं आहे. चुकलीस तर सांगीन."

मी दोनदा चुकले. दोन्ही वेळा तुम्ही चार पावलं मला चुकीच्या वाटेनं जाऊ दिलंत आणि मग एवढंच विचारलंत, "हे दुकान सकाळी दिसतं का गं तुला?" दिसत नसे. मी वळले. दाराशी पोचल्यावर मला जे वाटलं ते सांगायला शब्द नाहीत. त्या शहरात मी पहिल्यांदा माझी माझी घरी आले होते.

नंतरच्या रविवारी तुम्ही मला जे शिकवलंत ते कुठल्याही नकाशात नाही. घराजवळून जाणारी एखादी बस पकड, पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत खिडकीशी बसून जा, आणि परतताना दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बस. कुठं उतरायचं नाही, काही काम काढायचं नाही. मला ते वेळ घालवणं वाटलं होतं. पण चार मार्ग असे पालथे घातल्यावर एक दिवस दोन वेगवेगळ्या बस एकाच चौकात येऊन मिळाल्या आणि मी जवळजवळ ओरडलेच, "अरे, हे तर तेच!" सुटे सुटे तुकडे होते, ते त्या चौकात एकमेकांना जोडले गेले.

आणि ते मागे वळून बघणं! प्रत्येक वळणावर क्षणभर थांबून आलो त्या बाजूला बघायचं, कारण परतताना रस्ता तेच तोंड दाखवतो. इतकी साधी गोष्ट, आणि मला ती कुणी सांगितली नव्हती. वाट विचारायची तुमची रीतही तशीच. "अमुक कुठं आहे?" म्हटलं की माणूस विचारात पडतो, "अमुककडं मी बरोबर चाललेय ना?" म्हटलं की तो लगेच सुधारतो.

तुम्ही म्हणायचात, "एकाच रूटवर राहिलो असतो तर मला एकच रस्ता कळला असता. ड्यूटी बदलत गेली म्हणून शहर कळलं." हे मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. अलीकडे वाचलं की लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा असेल तर चेअरिंग क्रॉस या मध्यवर्ती चौकापासून ६ मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते डोक्यात भरावे लागतात. त्यात सहसा तीन-चार वर्षं जातात. एलेनॉर मॅग्वायर या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००० साली या चालकांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा जागा लक्षात ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा दिसला. पुढे २००६ साली त्यांची तुलना ठरलेल्या मार्गावरून जाणाऱ्या बसचालकांशी केली. बसचालकही दिवसभर त्याच शहरात गाडी हाकणारे, पण त्यांच्यात ती वाढ दिसली नाही. वाचताना अंगावर काटा आला, काका. ही तर तुमची रूटची गोष्ट! आणि माझी निळी रेघ म्हणजे तरी काय, रोजचा एकच रूट.

माणसांच्या बाबतीत मात्र तुमचा सल्ला नेमका उलटा होता. "रस्ते ओळखायचे तर वाट बदल, माणसं ओळखायची तर वेळ बदलू नको." म्हणून मी सकाळची तीच बस, तोच थांबा धरून राहिले. हातात कायम वही असणारा मुलगा, पायरी चढताना गुडघ्यावर हात ठेवणाऱ्या आजी, कुणाशी कधी बोलणं नाही. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञानं १९७२ साली अशांबद्दल लिहिलं, रोज दिसणारे आणि तरीही परके. मी तापानं आठवडाभर घरी होते. परत थांब्यावर गेले तर आजी म्हणाल्या, "बरं नव्हतं का?" त्या तीन शब्दांनी मी त्या शहरातली झाले. भाडेकरार, ओळखपत्रावरचा नवा पत्ता, यांपैकी कशानंही तसं वाटलं नव्हतं.

नावांचंही सांगते. पाटीवरचं नाव वेगळं आणि लोकांच्या तोंडचं वेगळं, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार! जिथली गिरणी कधीच पाडली, त्या थांब्याला अजून लोक गिरणीच म्हणतात. तुम्ही मला वहीत अशी ४१ नावं लिहून दिलीत, पुढे कंसात पाटीवरची. ती वही मी जपून ठेवली आहे. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन मला बाहेर काढलंत, "पाणी कुठं धावतं बघ, शहराचा उतार कळेल," तेही विसरले नाही.

काका, तुमच्या शहराला मी ओळखू लागले आणि तुम्हालाच ते सोडून जावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं. गुडघे साथ देत नाहीत, पायऱ्या नकोत, सगळं पटतं. तरी वाटतं.

पुढच्या महिन्यात चार दिवसांची रजा टाकली आहे. तुमच्याकडे येते. कोरी वही आणतेय. खिडकीची जागा तुमची. मला घ्यायला मुलाला पाठवू नका, तुम्हीच या, थांब्यापर्यंतच. तिथून घरी तुम्ही पुढं चाला. मी मागं आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची