अण्णांच्या पोटाबद्दल

सातारा, 14 मे

प्रिय दिन्या,

अण्णांना घरी आणलंत हे वाचून जीव भांड्यात पडला. खुब्याचं ऑपरेशन होऊन वॉकरवर खोलीभर चालतात म्हणजे मोठं काम झालं. आता राहिलं पोट साफ होणं. डॉक्टरांनी लिहून दिलेली ग्लिसरीनची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत सरकवायची कांडी, कपाटावर तशीच पडलीय, कारण अण्णा ‘असले प्रकार’ करू देत नाहीत आणि कसं करायचं ते विचारायची तुलाही लाज. त्यात नवल नाही. माझ्या औषधांच्या दुकानात माणसं बाजूचं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबतात आणि मग हळूच हे मागतात. फोनवर अण्णा शेजारी असले की तू नुसता ‘हं, हं’ करशील, म्हणून लिहून पाठवतोय.

आधी पाकीट कपाटावरून काढ. ग्लिसरीन-जिलेटिनची कांडी अकोल्याच्या मे महिन्यात टिकायची नाही, फ्रिजच्या दारात ठेव. मऊ लागली तर वेष्टनासकट थोडा वेळ गार पाण्यात धर. मग वेष्टन काढ. हसू नकोस, वेष्टनासकट वापरून तक्रार घेऊन येणारे असतात. पाकिटावरचं नावही वाच. तापाच्या आणि दुखण्याच्या सपोझिटरी दिसायला अशाच असतात.

हात धुऊन, हातमोजा घालून कांडी साध्या पाण्याने ओली कर. व्हॅसलिन नको, त्याच्या थराने ती नीट विरघळत नाही. अण्णांना डाव्या कुशीवर निजव. इतरांना मी वरचा गुडघा पोटाशी घ्यायला सांगतो, पण त्यांचा ऑपरेशनचा पाय उजवा, म्हणजे तोच वर येणार. दोन्ही पायांच्या मध्ये जाड उशी ठेव आणि गुडघा किंचितच वाकव, ओढू नकोस. निमुळतं टोक पुढे करून कांडी साधारण एक इंच आत जाऊ दे, मळाच्या गोळ्यात न रुतता आतड्याच्या भिंतीला लागेल अशी. जोर लागत असेल किंवा दुखत असेल तर थांब. मग पंधरा मिनिटं तसंच पडून राहायचं. ग्लिसरीन भोवतालचं पाणी ओढून मळ मऊ करतं आणि जराशी चुरचुर होऊन कळ येते. पंधरा मिनिटं ते तासाभरात काम होतं. म्हणून उंच केलेली कमोडची खुर्ची आधीच पलंगाशी आणून ठेव, घाईत वॉकर घसरायला नको. पायाखाली पाट घेऊन बसायचा सल्ला एरवी चांगला, पण त्याने खुबा जास्त वाकतो, तो त्यांच्यासाठी नाही.

हे कुणी करायचं? वहिनीवर टाकू नकोस, अण्णा मरेपर्यंत विसरणार नाहीत. ड्रेसिंगला ब्रदर येतात ना, पहिल्यांदा त्यांना करू दे. नाहीतर तूच कर, दार लावून, फार न बोलता.

चोवीस तासांत एकच. आठवडाभर रोज लागायला लागली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे नाही. एकीनेही काही झालं नाही, पोट फुगलं, दुखायला लागलं, उलटी झाली किंवा रक्त दिसलं, तर दुसरी न घालता लगेच डॉक्टरांना फोन कर. आणि एक फसवी गोष्ट: बरेच दिवस काही नाही आणि मग पातळ गळायला लागलं, तर ‘सुटलं एकदाचं’ म्हणू नका. आत घट्ट मळाचा खडा बसलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ निसटतं. तिथे जुलाब थांबवायची गोळी दिली तर आणखीच अडकेल.

पण दिन्या, सपोझिटरी आजची अडचण सोडवेल, उद्याची नाही. तू सांगितलेल्या औषधांत ट्रामाडॉल आहे, लोहाची गोळी आहे, कॅल्शियम आहे. तिन्ही पोट बांधणारी! आपल्या मनाने बंद करू नकोस. दुखणं आता कमी असेल तर ट्रामाडॉल कमी करता येईल का आणि रोज रात्री लॅक्टुलोजसारखं मळ मऊ ठेवणारं काही द्यायचं का, हे सर्जनला विचार. लॅक्टुलोजला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे धीर धरावा लागेल. आणि अण्णा पाणी किती पितात ते बघ. वॉकर घेऊन उठायला नको म्हणून म्हातारी माणसं मुद्दाम पाणी तोडतात आणि विचारलं तर ‘पितो की’ म्हणतात. इतक्या कमी पाण्यावर इसबगोल दिलंस तर ते आत घट्ट होऊन बसेल. काकूंचं एरंडेलही सध्या राहू दे, मुरडा आला तर त्यांना धड उठताही येणार नाही. दुकानात तयार फॉस्फेटचा एनिमा मिळतो, तोही परस्पर आणू नकोस. अण्णांचं क्रिएटिनिन आधीच वाढलेलं आहे, किडनीला तो झेपत नाही.

उद्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो पाठव, नावं वाचता येतील असे. अॅसिडिटीचं पांढरं औषध चालू असेल तर त्याचाही. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुऱ्या