फ्रान्समधल्या शार्त्र गावच्या कॅथेड्रलमधील बाईंना

आदरणीय बाई,

आमच्याकडे शाळेत शिकवणारीला बाई म्हणतात. तुमचे नाव विचारायचे राहून गेले, म्हणून तुम्हालाही त्याच नावाने हाक मारते.

तुमची भेट झाली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही एका सहल कंपनीबरोबर आलो होतो. दाराबाहेर फोटोपुरती वीस मिनिटे मिळाली, आणि बाबांनी आत जाऊ का असे विचारताच, "आजोबा, सगळी चर्च आतून सारखीच असतात," असे उत्तर आले. चाळीस वर्षे गवंडीकाम केलेल्या माणसाला हे ऐकावे लागले, याचा सल अजून गेलेला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सहल सोडून आम्ही दोघेच पॅरिसहून रेल्वेने परत आलो.

तुम्ही आधी बाबांचा व्यवसाय विचारलात. 1194 च्या आगीतून वाचलेल्या, निळ्या वस्त्रातल्या मेरीची (येशूच्या आईची) प्रसिद्ध खिडकी सगळे आधी पाहतात. तुम्ही मात्र आम्हाला थेट संत शेराँच्या खिडकीपाशी नेलेत, स्वतःच्या दुर्बिणीची काच स्कार्फच्या टोकाने पुसलीत आणि ती बाबांच्या गळ्यात अडकवलीत. खिडकीच्या तळाशी तेराव्या शतकातले पाथरवट एका राजाच्या मूर्तीवर छिन्नी चालवत होते. बाबा बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "ही तर आपलीच माणसं." मी त्याचा अर्थ सांगण्याआधीच तुम्ही मान हलवलीत.

सुमारे 37 मीटर उंचीवरचे दगडी छत आणि भिंतींच्या जागी एवढ्या काचा, मग भार जातो कुठे, हा त्यांचा प्रश्न तुम्ही उडवून लावला नाहीत. गुडघे दुखत असूनही आम्हाला बाहेर नेऊन तिरक्या कमानींचे टेकू दाखवलेत. "भिंतीवर भार ठेवलाच नाही, बाहेर नेऊन उतरवला," असे म्हणताना बाबांचा चेहरा उजळला होता. 1939 मध्ये युद्ध तोंडावर आले असताना या काचा उतरवून सुरक्षित ठेवणारी माणसे आणि एका परक्या म्हाताऱ्याच्या हाती आपली दुर्बीण देणाऱ्या तुम्ही, मला एकाच घरातली वाटता.

बाबांनी आपला जुना पितळी ओळंबा घासूनपुसून, नव्या दोरीत ओवून तुमच्यासाठी कपाटात ठेवला आहे. हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचले, तर तो कुठे पाठवायचा ते कृपया कळवावे.

आपली कृतज्ञ,
एका गवंड्याची मुलगी