मोराला दाणे टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शहर पुरवणीत एक मोठा रंगीत फोटो आला होता. पुण्यात पाषाणमधल्या कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर एक गृहस्थ तळहातावर शेंगदाणे घेऊन उभे आहेत आणि मोर मान लांबवून ते टिपतो आहे. खाली कौतुकाच्या दोन ओळी. फोटो सुंदर होता, तो पाहून कोणालाही आनंदच झाला असेल. पण मी सुतारवाडीत राहते, आमच्या सोसायटीत अशाच दाण्यांवरून गेलं वर्षभर वाद धुमसतो आहे आणि त्याचा फटका शेवटी मोरालाच बसणार अशी चिन्हं आहेत. म्हणून हे पत्र.

आमच्या इमारतींच्या मागे टेकडीचा उतार येतो. मोर तिथे आमच्या आधीपासून आहेत. पावसाळा जवळ आला की पहाटे त्यांच्या हाका ऐकू येतात, संध्याकाळी ते उंच झाडांवर बसायला जाताना दिसतात. दोनेक वर्षांपूर्वी कोणीतरी पार्किंगवरच्या बागेत परातीत बाजरी ठेवायला सुरुवात केली. हेतू चांगलाच होता. मग तांदूळ आले, पोळीचे तुकडे आले, फरसाण आलं. मोर आणि लांडोरी ठरल्या वेळी येऊ लागल्या, मुलं मोबाइल घेऊन खाली उतरू लागली, फ्लॅट विकायच्या जाहिरातीतसुद्धा मोराचा फोटो आला. या वैशाखात एक नर रोज सकाळी पार्किंगमधल्या काळ्या गाड्यांवर चोची मारू लागला. दरवाज्यांवर ओरखडे उठले. एका छोट्या मुलीच्या हातातल्या बिस्किटावर त्याने झडप घातली, ती दचकून पडली, गुडघा फुटला. त्याच आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागणी आली, की वनखात्याला पत्र द्या आणि सगळे मोर उचलून न्यायला सांगा. मागणी करणाऱ्यांत परात भरणारेही होते. मला त्याचं फार वाईट वाटलं.

गाडीवर चोच मारणारा मोर पिसाळलेला नसतो. उन्हाळ्याच्या मध्यापासून पावसाळ्यापर्यंत मोरांचा विणीचा हंगाम. त्या दिवसांत नर आपली जागा राखतो, आणि चकचकीत रंगात त्याला दुसरा नर उभा दिसतो. तो त्याच्याशी भांडतो. गाडीवर कापडी कव्हर घातलं की भांडण संपतं. आमच्याकडे कव्हर घातलेल्या एकाही गाडीला ओरखडा नाही, हे मी स्वतः फिरून पाहिलं आहे. पण मुळात टेकडी सोडून तो पार्किंगमध्ये इतका वेळ रेंगाळतो कशासाठी, हे आम्ही कोणी विचारत नाही. परातीसाठी रेंगाळतो.

माझी मुलगी अमेरिकेत बॉस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइन या गावात राहते. तिथे फुटपाथवर, लोकांच्या अंगणात रानटर्की फिरतात. टर्की हा मोर, तित्तर, कोंबडी यांच्याच कुळातला पक्षी. त्याचा नरही शेपटी फुलवून मादीपुढे मिरवतो. जंगलतोड आणि शिकार यांमुळे मॅसॅच्युसेट्स राज्यातून हा पक्षी १८५१ पर्यंत नाहीसा झाला होता. १९७२-७३ मध्ये शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातून ३७ पक्षी आणून बर्कशायरच्या डोंगराळ भागात सोडले. आज त्या राज्यात तीस हजारांहून जास्त टर्की आहेत, आणि ते शहरांतही येऊन राहिले आहेत. वसंतात तिकडचे नर गाड्यांना टोचे मारतात, टपालवाल्यांच्या मागे लागतात. मी मुलीकडे गेले होते तेव्हा एक टर्की थेट दारासमोरच्या पायरीवर येऊन उभा राहिला होता, आणि दार उघडायचं की नाही हे मला कळेना.

आमच्या सोसायटीतला प्रकार मी फोनवर सांगितला तेव्हा तिने तिथल्या वन्यजीव विभागाच्या सूचना मला वाचून दाखवल्या. पक्ष्याला खायला घालू नका. चिमण्यांसाठी टांगलेल्या दाण्यांच्या भांड्याखाली जे सांडतं तेही झाडून काढा. चकाकणाऱ्या वस्तू झाकून ठेवा. आणि तो अंगावर आला तर मागे सरू नका, मोठ्याने आवाज करा, झाडू उगारा, पाण्याचा फवारा मारा. टर्कींच्या थव्यात कोण वरचढ, कोण खालचा, हे ठरलेलं असतं. माणसांत रुळलेला टर्की माणसालाही त्याच हिशेबात धरतो आणि जो माघार घेईल त्याच्यावर धावून जातो. पक्षी पकडून दुसरीकडे सोडा, असं त्या सूचनांमध्ये कुठेच नव्हतं. माणसांनी आपलं वागणं बदलावं, एवढंच होतं.

हे ऐकताना मला माझे वडील डोळ्यांपुढे आले. माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, मोराच्या चिंचोलीपासून फार लांब नाही. आमच्या रानात मोर असायचेच. भुईमूग पेरला की तासातासाने दाणे उकरायचे, हरभऱ्याचे घाटे फोडायचे, मिरचीच्या कोवळ्या रोपांचे शेंडे खुडायचे. वडील बांधावर उभं राहून पत्र्याचा डबा वाजवत, हाळी देत. मोर उडून पलीकडच्या ओढ्यात जायचे आणि दुपारी परत यायचे. मोरावर नेम धरून दगड मारलेला मी आमच्या घरात कधी पाहिला नाही. ओंजळीतून दाणे घातलेलेही कधी पाहिले नाहीत. मळणी झाल्यावर खळ्यावर सांडलेलं टिपायला आजी त्यांना येऊ द्यायची, तेवढंच. शेतकऱ्याने थोडं नुकसान सोसलं, मोराने माणसापासून अंतर राखलं, आणि दोघं एकाच शिवारात नांदले. इथे शहरात आम्ही त्याची भीती आधी घालवतो आणि मग तो भीत नाही म्हणून तक्रार करतो.

परातीचा त्रास मोरापुरता राहत नाही. रात्री उरलेल्या दाण्यांवर उंदीर-घुशी येतात, त्यांच्यामागे धामण येते, कधी नागही येतो. गेल्या श्रावणात जिन्याखाली निघालेल्या धामणीला चौघांनी काठ्या घेऊन घेरलं होतं. सर्पमित्र वेळेवर आले म्हणून ती वाचली. पोळी-भाताच्या खरकट्यावर भटकी कुत्री पोसली जातात. लांडोर घरटं जमिनीवर करते, झुडपाखाली नुसता उथळ खळगा उकरून, आणि त्यातल्या चार-सहा अंड्यांवर जवळजवळ चार आठवडे बसून राहते. कुत्र्यांच्या टोळीपुढे ती काय करणार? अंड्यातून निघालेली पिल्लं सुरुवातीला प्रामुख्याने किड्यांवर वाढतात. वाळवी, नाकतोडे, मुंग्या हे सारं पालापाचोळ्यात मिळतं, फरसाणात नाही. कबुतरांचं तर सांगायलाच नको. मुंबईत लोकांच्या आरोग्याच्या काळजीपोटी कबुतरखाने बंद करायला घेतले, तेव्हा २०२५ साली तो प्रश्न उच्च न्यायालयात गेला.

आता 'उचलून न्या' या मागणीविषयी. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. सोसायटीच्या ठरावावर त्याला पकडता येत नाही. त्याची अंडी किंवा घरटं विस्कटणं हेसुद्धा त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येतं. समजा, परवानगीने नेला, तरी परात भरलेली असेपर्यंत टेकडीवरचा दुसरा नर त्याच्या जागी येणार.

आणि घाबरलेल्या गर्दीने वन्य प्राण्याचं काय होतं, ते या शहराने पाहिलं आहे. ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडच्या महात्मा सोसायटीत गवा शिरला. माणसं मागे धावली, आरडाओरडा झाला, मोबाइल उंचावले गेले. तो वाट शोधत फाटकांवर, भिंतींवर धडकत राहिला. काही तासांनी बेशुद्ध करून पकडला आणि त्यानंतर थोड्याच वेळात मेला. आमच्या घरी त्या रात्री कोणाला जेवण गेलं नाही. त्याच महिन्यात २२ तारखेला दुसरा गवा बावधन-पाषाणच्या बाजूला, म्हणजे आमच्या जवळच, दिसला. या वेळी पोलिसांनी गर्दी लांब ठेवली, वनखात्याने त्याला वाट मोकळी करून दिली आणि तो जंगलाकडे परत गेला.

मोराचं खरं अन्न टेकडीवर आहे. तिथेच त्याचं घर मोडतं आहे. दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे गवताला आग लागते, आणि त्यात करवंदीची जाळी, तरवड, बोरीची झुडपं जळून जातात. ती पावसात पुन्हा फुटेपर्यंत लांडोरीने लपायचं कुठे? कुठे झुडपं काढून ओळीने गिरिपुष्प हे परदेशी झाड लावलेलं आहे, त्याखाली फारसं काही उगवत नाही. पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांमधल्या ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, तरी उतारांवर बांधकामं चढताना आम्ही रोज पाहतो. बालभारती-पौड फाटा रस्त्यासाठी वेताळ टेकडी फोडू नये म्हणून २०२३ च्या एप्रिलमध्ये पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. मीही गेले होते, गुडघे दुखत असताना. त्या दिवशी बरोबर चालणाऱ्या अनेकांच्या पिशवीत मुंग्यांसाठी साखर आणि पाखरांसाठी दाणे होते. त्यांचं प्रेम खरं आहे, याबद्दल मला शंका नाही. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की हे प्रेम वणवा विझवायच्या गटात जाऊन दाखवा, कुत्रा टेकडीवर नेताना साखळी न सोडता दाखवा.

आमच्याकडे मागच्या कुंपणालगतची झुडपं काढून तिथे हिरवळ लावायचं घाटतं आहे. ती झुडपं तशीच राहू द्यावीत असं मी कमिटीला लेखी दिलं आहे. उन्हाळ्यात त्या बाजूला उथळ भांड्यात पाणी ठेवायला माझी हरकत नाही, रोज घासून भरायची तयारी असेल तर. परात मात्र आजच उचलली पाहिजे. दाणे बंद झाल्यावर मोर काही दिवस येतील, शोधतील, ओरडतील. पाहवणार नाही, तरी हात आवरायला हवा. सध्या पावसाळा आहे, टेकडीवर किड्यांची आणि कोवळ्या पाल्याची कमतरता नाही. बंद करायला याहून चांगला काळ मिळणार नाही.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणं आहे. हातातून दाणे खाणाऱ्या मोराचा फोटो कौतुकाने छापला की दुसऱ्या दिवशी पाच गच्च्यांवर पाच पराती ठेवल्या जातात. असे फोटो छापू नयेत. मोर नाचतानाचे जरूर छापा, पण विणीच्या काळात नेमकी जागा देऊ नका, कारण रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. आणि फोटोखाली वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक द्या. जखमी प्राणी-पक्ष्यांसाठी बावधनला उपचार केंद्र आहे, तेही लोकांना कळू द्या. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांना या दोन्हींची माहिती नव्हती.

आमची सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे आणि मोरांचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला आहे. त्याआधी हे पत्र छापून आलं, तर कात्रण सूचनाफलकावर लावता येईल.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक, सुतारवाडी, पाषाण
(नाव व पत्ता संपादकांकडे)