खणाच्या साडीचा धागा कोणता, हेही लिहावे

महोदय,

उन्हाळ्याच्या तोंडावर काय नेसावे, काय लावावे आणि काय आवर्जून पाहावे हे सांगणारे आपल्या पुरवणीतील साप्ताहिक सदर मी आवडीने वाचते. मोगऱ्याचे गजरे, माठात घालायची वाळ्याची जुडी आणि चैत्रांगणाची रांगोळी यांना त्यात जागा मिळाली, याचा मनापासून आनंद वाटला. मात्र मागच्या आठवड्यात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी खणाची साडी सुचवताना ती कोणत्या धाग्याची असावी, याविषयी एक शब्दही नव्हता. ही उणीव लहान नाही.

गेल्या वर्षी एका प्रदर्शनात ‘अस्सल खण’ म्हणून मी एक साडी घेतली आणि ती नेसून भर दुपारी चार घरची हळदीकुंकवे केली. संध्याकाळी कमरेवर आणि पाठीवर घामोळे उठले होते. संशय आला म्हणून पदराच्या दशीतला एक धागा काढून जपून पेटवून पाहिला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते; हा धागा मात्र आकसत वितळला आणि त्याची काळी, कडक गुठळी उरली. साडी पॉलिएस्टरची होती. नेहमीच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे घाम टिपला जात नाही आणि कापड अंगाला चिकटून राहते. वैशाखाच्या उन्हात तर नुसत्या रंगा-काठावरून साडी निवडणे अंगाशी येते.

मूळ खण हे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे, कमी पन्ह्याचे, चोळीपुरते कापड. त्याची नक्षी छापलेली नसते, ती ताण्यातल्या, म्हणजे मागावर लांबीच्या दिशेने ताणून लावलेल्या, जादा धाग्यांनी विणतानाच उठते. देवीची ओटी भरताना नारळासोबत आपण ठेवतो तो हाच खण. सहावारी-नऊवारी ‘खणाची साडी’ ही त्यामानाने अलीकडची कल्पना आहे. तिला माझा विरोध नाही. पण त्या नावाखाली नेमके काय विकले जाते, हे वाचकांना कळायला हवे. त्याच जिल्ह्यातल्या इलकलची, म्हणजे आपल्या इरकलीची, सुती अंगाची साडी उन्हाळ्याला कितीतरी सोयीची आहे. तिच्या अंगाचे आणि पदराचे ताणे वेगळे असतात आणि ते धाग्यांच्या फासांनी एकमेकांत अडकवून जोडले जातात. त्या जोडणीचे जवळून काढलेले एक छायाचित्र जरी छापले, तरी वाचकांना खरी साडी ओळखता येईल.

यंत्रमागाला कमी लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथील हजारो घरे त्यावर चालतात आणि यंत्रमागावरचे चांगले सुती कापडही उन्हाळ्यात सुखाचेच असते. माझी हरकत आहे ती यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून आणि पॉलिएस्टर सुती म्हणून खपवण्याला. हातमागाची खूण म्हणून ‘हँडलूम मार्क’ची पट्टी २००६ सालापासून उपलब्ध आहे, पण साडी घेताना ती पाहणाऱ्या बायका माझ्या ओळखीत दोन-तीनच आहेत.

सौंदर्याच्या सूचनांबाबतही अशीच काळजी घ्यावी. चेहऱ्याला लिंबाचा रस लावण्याचा सल्ला देताना, तो रस त्वचेवर राहून ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि त्यांचे काळे डाग बरेच दिवस राहतात, हे त्याच ओळीत सांगणे आवश्यक आहे.

माझी विनंती एवढीच आहे, की सुचवलेल्या प्रत्येक वस्त्राखाली धागा कोणता, माग कोणता आणि ते कुठे विणले गेले याची एक ओळ द्यावी, आणि जिथे विक्रेता ही माहिती देत नसेल तिथे तसे स्पष्ट छापावे. चैत्रगौरीची हळदीकुंकवे अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतात. त्याआधीच्या अंकात हे झाले, तर यंदाची खरेदी व्हायच्या आत ते वाचकांच्या हाती पडेल.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली