आधी डिफरन्शिअल कुठलं ते बघा, सिंथेटिकचं नंतर

संपादक महोदय,

तुमच्या वाहन पुरवणीत मध्यंतरी गिअर ऑइलवर लेख आला होता, बाकी लेख चांगला होता पण लिमिटेड स्लिप डिफरन्शिअलवाल्या (थोडक्यात एलएसडी) गाड्या एका ओळीत उरकून टाकल्यात, सिंथेटिक टाका आणि निश्चिंत राहा म्हणून. एवढं सोपं नाहीये ते. सिंथेटिक (प्रयोगशाळेच्या पद्धतीने बनवलेलं) की साधं मिनरल, म्हणजे खनिज तेल, हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे, आधीचे दोन सोडून थेट त्यावरच वाद घातला जातो म्हणून हे पत्र.

पहिला प्रश्न, तुमच्या गाडीत एलएसडी कुठल्या प्रकारचं आहे. डिफरन्शिअल म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच. साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक चिखलात घसरलं की तेच गरागरा फिरत बसतं आणि दुसरं चाक ढिम्म. हे टाळायला क्लचवाल्या एलएसडीत प्लेटांचा एक जुडगा असतो, काही प्लेटा केसिंगला अडकवलेल्या आणि काही साइड गिअरला, आणि सगळ्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या. आता वळण घेताना बाहेरचं चाक जास्त फिरणार म्हणजे या प्लेटांना एकमेकींवरून थोडं घसरावंच लागतं, आणि ते घसरणं गुळगुळीत झालं पाहिजे. नाही झालं तर प्लेटा धरतात सुटतात, धरतात सुटतात, आणि पार्किंगमधून हळू वळवताना मागून घरघर आणि थरथर सुरू. लोक घाबरून डिफरन्शिअल उघडायला निघतात, बऱ्याचदा आत काही मोडलेलं नसतं, फक्त तेल चुकीचं पडलेलं असतं.

इथे कामाला येतो तो फ्रिक्शन मॉडिफायर, तेलातला एक ॲडिटिव्ह. दुसरा प्रश्न हाच, तुमच्या तेलात तो आहे का. क्राउन आणि पिनियन या डिफरन्शिअलच्या मुख्य गिअरजोडीचे दात हायपॉइड घडणीचे असतात, ते नुसते एकमेकांवर गडगडत नाहीत तर प्रचंड दाबाखाली घासत सरकतात, त्यांच्यासाठी तेलात गंधक आणि फॉस्फरसचे ॲडिटिव्ह लागतात, त्याची खूण म्हणजे डब्यावरचं एपीआय जीएल-५ (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा गिअर ऑइलचा दर्जा). पण जीएल-५ ही दातांची हमी झाली, प्लेटांची नाही! नुसतं जीएल-५ बघून तेल घेतलं तर क्लचवालं एलएसडी कुरकुरू शकतं, मग ते तेल कितीही महागडं सिंथेटिक असो. उलट एलएसडीसाठी बनवलेलं, मॉडिफायर घातलेलं साधं मिनरल तेल तिथे शांतपणे काम करतं. डब्यावर लिमिटेड स्लिप किंवा एलएस असं स्पष्ट लिहिलेलं असतं, ते वाचायचं. आणि त्यात मॉडिफायर आधीच असेल तर वरून आणखी एक बाटली ओतू नका, जास्त झाला की प्लेटा नको तितक्या घसरतात आणि पैसे मोजून घेतलेलं एलएसडी साध्या डिफरन्शिअलसारखं वागायला लागतं. थरथर राहिलीच तर थोडा थोडा घालून बघायचा.

(जाता जाता, एकेकाळी या कामासाठी स्पर्म व्हेल माशाचं तेल वापरायचे, १९७० च्या सुमाराला अमेरिकेत त्यावर बंदी आली तेव्हा कंपन्यांना धावपळ करून दुसरी रसायनं शोधावी लागली.)

हे सगळं क्लचवाल्यांचं झालं. टॉर्सनसारखं गिअरवालं एलएसडी असेल तर त्यात असा प्लेटांचा जुडगा नसतो, गिअर आणि केसिंगमधल्या घर्षणावरच त्याचं काम चालतं, त्याला साधारणपणे मॉडिफायर लागत नाही. व्हिस्कसवाल्यात सिलिकॉनचं द्रव आत सीलबंद असतं, तुम्ही बाहेरून कुठलंही गिअर ऑइल घाला त्या द्रवाला काही कळत नाही.

आता सिंथेटिक. फायदे खरे आहेत, मी विरोधात नाही. कडाक्याच्या थंडीत ते पातळ राहतं, म्हणून ७५डब्ल्यूसारखा डब्ल्यूच्या आधी लहान आकडा असलेला, थंडीतही वाहणारा ग्रेड त्यात सहज मिळतो: ७५डब्ल्यू ग्रेडची कसोटी उणे ४० अंशांना लागते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला, ८५डब्ल्यूची उणे १२ ला. जड ट्रेलर ओढणं, लांब घाट, ट्रॅकवर गाडी हाणणं, अशा वेळी डिफरन्शिअल खूप तापतं तिथे सिंथेटिक जास्त टिकतं, लवकर जळत नाही. पण सिंथेटिक पातळ असतं म्हणून दात खाऊन टाकतं हे जे सांगतात ते काही खरं नाही, ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक आणि ८०डब्ल्यू-९० मिनरल दोन्हींचा दाटपणा १०० अंशांना एकाच पट्ट्यात बसतो, १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स (दाटपणा मोजायचं एकक). तेव्हा गाडीच्या पुस्तिकेत ९० लिहिलंय की त्याहून दाट १४० ते बघा, ते त्या गाडीच्या बनवणाऱ्याने भार बघून ठरवलेलं असतं.

माझं खरं म्हणणं पुढे आहे. सिंथेटिक विकताना सगळ्यात मोठं आमिष दाखवतात ते जास्त दिवस चालण्याचं. साध्या डिफरन्शिअलमध्ये ते पटतं. क्लचवाल्या एलएसडीत मात्र प्लेटांचा चुरा तेलात उतरत राहतो आणि मॉडिफायरचा दमही हळूहळू संपतो, बेस ऑइल, म्हणजे ॲडिटिव्ह सोडून उरलेलं मूळ तेल, ठणठणीत असलं तरी तेल बदलावंच लागतं. मग ज्या जास्तीच्या आयुष्याचे पैसे दिले ते निम्मं तसंच खालच्या ड्रेन प्लगमधून बाहेर. रोजचं साधं चालवणं आहे, हवामान सौम्य आहे आणि पुस्तिकेत सिंथेटिकच हवं अशी अट नाही, तर मी एलएसडीचं मिनरल तेलच घेईन आणि ते वेळेवर बदलेन. पुस्तिकेत सिंथेटिक लिहिलं असेल तर तिथे काटकसर करायची नाही, विषय संपला.

शिवाय सिंथेटिक म्हणून विकलं जाणारं सगळं एकाच जातीचं नसतं. १९९९ मध्ये मोबिल आणि कॅस्ट्रॉल या तेल कंपन्यांचा इंजिन ऑइलच्या जाहिरातींवरून वाद झाला तेव्हा अमेरिकेतल्या जाहिरात तपासणाऱ्या संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने निर्णय दिला, आणि खनिज तेलावर भरपूर प्रक्रिया करून बनवलेल्या बेसलाही सिंथेटिक म्हणायची वाट मोकळी झाली. वाईट असतं असं नाही, पण डब्याच्या पुढच्या बाजूवरून आतला माल कळत नाही एवढं खरं.

तेल बदलणाऱ्यांसाठी दोन गोष्टी लेखात राहून गेल्या त्या पुढच्या वेळी जरूर छापा. जुनं तेल काढायच्या आधी वरचा भरायचा प्लग सुटतोय का बघायचं, नाहीतर खालून तेल सांडून बसाल आणि वरचा प्लग गंजून जाम झालेला निघेल. आणि क्लचवालं असेल तर नवीन तेल भरल्यावर मोकळ्या जागेत हळू वेगाने इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवायची, दोन्ही बाजूंना, म्हणजे तेल प्लेटांच्या मध्ये शिरतं. पहिल्या काही वळणांना थोडी कुरकुर ऐकू आली तर लगेच तेलाला नावं ठेवू नका.

आपला,
एक नियमित वाचक