माउस माझ्या हातात ठेवल्याबद्दल

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

दूध संस्थेचा बिघडलेला प्रोग्रॅम दुरुस्त करायला शिकवल्याबद्दल आभार मानायला लागले, तर "आभार वगैरे काही नको" असं म्हणून तुम्ही फोनवर विषयच बदललात. मोठ्या माणसाशी हुज्जत कशी घालायची, म्हणून तेव्हा मी गप्प बसले. पण ते काही मनातून जाईना, म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव देत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. बडोद्याचे एक निवृत्त मराठी गृहस्थ, कारखान्यातल्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिण्यात ज्यांची सगळी नोकरी गेली, एवढी ओळख वाचणाऱ्यांना पुरे.

आमचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांना थोडं सांगते. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव दूध संस्था आहेत. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घालायला येतात. काट्यावर वजन होतं, नमुना मशीनला लागतो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) येतं, त्यावरून दर लागतो आणि बोटभर रुंदीची पावती बाहेर पडते. दहा दिवसांनी बिल निघतं ते या पावत्यांच्या बेरजेवर, आणि दिवाळीला दर फरक मिळतो तोही त्यावरच. घरातला किराणा, पेंडीचं पोतं, पोरांची फी, सगळं त्या चिटोऱ्यावर अवलंबून. हे सांभाळणारा विंडोजवरचा एक प्रोग्रॅम आहे आणि त्याच्यासमोर मी बसते.

हा प्रोग्रॅम ऐन गर्दीत मान टाकायचा. पहाटे केंद्र उघडलं की तास-दीड तास सुरळीत. रांग वाढत गेली की आधी बटणांवरची अक्षरं गायब. मग सभासदांची यादी दिसते त्या जागी पांढरा चौकोन आणि त्यावर तांबडी फुली. आणि शेवटी 'आउट ऑफ मेमरी'. आठ जीबी रॅम, त्यातली निम्मी मोकळी, आणि म्हणे मेमरी संपली! बंद करून उघडला की पुन्हा शहाण्यासारखा चालायला लागायचा. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण आधी पावती छापायची आणि नंतर नोंद साठवायची, असा त्याचा क्रम होता. छापता छापता तो बंद पडला की त्या सभासदाचं दूध टाकीत गेलेलं असायचं आणि हिशेबात नसायचं.

एक आजी आहेत, एका म्हशीचं दूध घालतात. त्यांच्या बिलात एक वेळ, म्हणजे एका वेळचं दूध, कमी आलं. खिडकीशी येऊन त्यांनी विचारलं, "पोरी, माझं दूध कुठं गेलं गं?" मागे अख्खी रांग कान देऊन उभी. गावात संशय संगणकावर कुणी घेत नाही सर, संगणकासमोर बसलेल्या बाईवर घेतात.

ज्यांनी सॉफ्टवेअर विकलं त्यांना फोन केले. त्यांचंही नाव घेत नाही, पण कारण वेगळं आहे. दरवर्षी एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभालीची, रक्कम न चुकता नेणारी ही मंडळी. रॅम वाढवा म्हणाले, वाढवली. अँटिव्हायरस काढा म्हणाले, काढला. फॉरमॅट मारा म्हणाले, तोही मारला. मग त्यांचा एक पोरगा रिमोटवर, म्हणजे लांबूनच आमचा संगणक चालवायला, येऊ लागला. आला की माउस ताब्यात घ्यायचा, भराभरा खिडक्या उघडायचा, मिटायचा, "झालं मॅडम" म्हणून जायचा. काय झालं विचारलं तर "ते टेक्निकल आहे". मी बीसीए केलंय हे सांगायचा प्रयत्न केला, तर "तुम्ही ऑपरेटर ना? सांगतो तेवढं करा."

शेवटचा सल्ला तर ऐकण्यासारखा होता. पावती मराठीत कशाला काढता, इंग्रजीत काढा, प्रॉब्लेम येणार नाही! गंमत अशी की तो सल्ला खरा ठरला असता. आमच्या थर्मल प्रिंटरला देवनागरी येत नाही. त्याच्या पोटात इंग्रजी अक्षरं आहेत, 'कृष्णात' किंवा 'ज्ञानदेव' लिहायचं तर जोडाक्षरांसकट त्या ओळीचं चित्र काढून ते प्रिंटरला पाठवावं लागतं. आजार नेमका त्या चित्रात होता. इंग्रजी केली असती तर चित्र काढायची वेळच आली नसती, प्रोग्रॅम नीट चालला असता, आणि आमच्या निम्म्या सभासदांना आपल्याच नावाची पावती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली असती.

सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, आमच्या हाती कसा आला ते सांगत नाही. चेअरमननी एकदाचा आवाज चढवला, एवढंच. कॉलेजातल्या सरांनी तुमचा नंबर दिला, मी भीत भीत फोन लावला, आणि तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो मला अजून तसाच ऐकू येतो. "सकाळी किती पावत्या झाल्यावर बिघडतं?" किती वाजता नाही, किती पावत्यांनंतर. इतके महिने हे कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, चारशेच्या आसपास. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात.

पुढे जे झालं त्यासाठी हे पत्र आहे.

स्क्रीन तुम्हाला दाखवली. सवयीने मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि खुर्ची मागे सरकवली, कारण रिमोटवर माणूस आला की आपण मागे सरकायचं असतं हे मला तोवर शिकवून झालं होतं. पॉइंटर जरासा हलला. मग स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. मला वाटलं नेट गेलं. तेवढ्यात तुमचा आवाज आला, "ताई, माउस तुम्ही धरा. मी फक्त बघतो."

तुम्हाला हे आठवतही नसेल. मला काही क्षण काय करावं ते कळलं नाही. मग मी खुर्ची पुढे ओढली.

तुम्ही सांगत गेलात, मी करत गेले. टास्क मॅनेजर उघडा. डिटेल्समध्ये जा. वरच्या कॉलमच्या नावावर उजवं बटण दाबून 'सिलेक्ट कॉलम्स' घ्या. यादीत खाली जीडीआय ऑब्जेक्ट्स दिसेल, त्यावर टिक करा. आपल्या प्रोग्रॅमसमोर आकडा आला, तीनशेच्या घरातला. आता एक पावती काढा. काढली. आकडा पंचवीसने वाढला. "आता काही करू नका, नुसतं बघत बसा. खाली येतो का?" आला नाही. दुसरी पावती, आणखी पंचवीस. तिसरी. तुम्ही उत्तर सांगून टाकू शकत होता, तुम्हाला ते "चारशे" ऐकल्यावरच कळलेलं होतं हे नंतर माझ्या लक्षात आलं. पण तुम्ही गप्प राहिलात, आणि ते माझ्या तोंडून बाहेर पडलं, "सर, हे परत देतच नाहीये!"

मधेच दूध घेऊन एक दादा उशिरा आले, त्यांचं माप होईपर्यंत तुम्ही फोन धरून बसलात. मी फोनवर परत आले तर तुम्ही विचारलंत, "त्यांची नोंद झाली ना नीट?"

मग तुम्ही समजावलंत, तेही आमच्याच भाषेत. विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमला चित्र, फॉन्ट, ब्रश वगैरेसाठी ठरावीक कॅन, म्हणजेच ते जीडीआय ऑब्जेक्ट्स, देतं, १०,००० पर्यंत. काम झालं की कॅन परत करायचे. हा प्रोग्रॅम नेतोय आणि परत करत नाहीये. गोठ्यात दूध भरपूर आहे, पण कॅन संपलेत, म्हणून तो ओरडतोय. रॅम कितीही वाढवा, काय फरक पडणार? पावतीच्या प्रत्येक ओळीचं चित्र आणि फॉन्ट वेगळा तयार होत होता, म्हणून एका पावतीला पंचवीस. चारशे पावत्यांत दहा हजार. महिनोनमहिने भूत वाटत होतं ते तिसरीच्या गुणाकारात बसलं.

मर्यादा वाढवता येत नाही का, असं मी विचारलं होतं. येते, रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग्ज ठेवतं तिथे) ६५,५३६ पर्यंत, तुम्ही म्हणालात, पण मग तो आज सकाळी न मरता परवा मरेल. यावर आपण दोघंही हसलो. या खुर्चीत बसून त्या प्रोग्रॅमवर मी पहिल्यांदा हसले असेन.

तुमच्या पिढीला हे हाताला कसं लागतं, तेही तुम्ही बोलता बोलता सांगितलंत. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमांना मिळून जीडीआयसाठी जेमतेम ६४ केबीची जागा. एकाने रेघ काढायला घेतलेलं पेन परत केलं नाही तर शेजारचाही अडकायचा. त्यामुळे घेतलेली वस्तू परत करायची हे तुमच्या बोटांत बसलं. आता डॉटनेट, म्हणजे हा प्रोग्रॅम ज्यावर लिहिलाय ते, आपणहून मेमरी साफ करतं, म्हणून लिहिणारा निर्धास्त असतो. पण 'गेटएचबिटमॅप'ने घेतलेलं चित्राचं हँडल, म्हणजे आपला कॅन, ते साफ करत नाही. 'डिलीटऑब्जेक्ट' आपणच म्हणायचं असतं. दुरुस्ती तेवढीच निघाली, आणि फॉन्टची तशीच एक. त्या ओळी मी टाइप केल्या, तुम्ही एकदा फक्त "स्पेलिंग बघा" म्हणालात. शिवाय आधी नोंद, मग पावती, असा क्रम फिरवायला लावलात. तो तर मी मागितलाही नव्हता.

आणखी एक. कोड बघताना मी मूळ लिहिणाऱ्याला दोन शब्द ऐकवले. तुम्ही म्हणालात, "मराठीचं चित्र काढून छापायचं डोकं त्याचंच ना? घाईत काम उरकायला लावलं असेल बिचाऱ्याला." मला ते लगेच पटलं नाही. आजी खिडकीशी आल्या तेव्हा समोर तो कोड लिहिणारा बसला नव्हता, मी बसले होते. पण तुम्ही त्याला नावं ठेवली नाहीत हे खरं, आणि ज्याला काम येतं त्याला दुसऱ्याला कमी दाखवायची गरज पडत नसावी, असं आता वाटतं. आपल्याकडे हुशारी पुष्कळ आहे सर. हुशार माणसासमोर बसून आपण अडाणी नाही असं वाटणं, हे मात्र मी फार कमी वेळा अनुभवलंय. बँकेत, तहसील कचेरीत, दवाखान्यात, सगळीकडे कुणीतरी आपल्या हातातला कागद ओढून घेतं आणि "द्या इकडे" म्हणतं. काम होतं, नाही असं नाही. पण पुढच्या वेळी पुन्हा त्याच दारात जावं लागतं.

फी विचारली तेव्हा तुम्ही उलट दर फरक किती निघाला ते विचारलंत. चेअरमननी खवा पाठवायचं ठरवलंय, बडोद्यापर्यंत टिकेल का यावर संचालक मंडळात चर्चा चालू आहे. आजींची ती वेळ कागदी वहीतून सापडली आणि पुढच्या बिलात लावली. त्यांना जीडीआय काय ते सांगायच्या भानगडीत मी पडले नाही, पावतीवर नाव आहे का तेवढं त्यांनी बघितलं. आकडा आता सकाळभर तीनशे-साडेतीनशेच्या मधे असतो. तो कॉलम मी काढलेला नाही.

तुमची,
खिडकीतली ताई

ता.क. वजनकाट्याची केबल यूएसबीच्या दुसऱ्या भोकात लावली की कॉम पोर्टचा (संगणक काट्याला ज्या नावाने ओळखतो तो) नंबर बदलतो आणि वजन येत नाही. कोडमध्ये 'कॉम ३' पक्काच लिहून ठेवलाय, ती ओळ मला सापडली आहे. नंबर सेटिंगमध्ये टाकायचा की प्रोग्रॅमनेच काटा शोधून काढायचा, हे ठरत नाहीये. दुपारी दोन ते चार केंद्र बंद असतं. रविवारी त्या वेळेत फोन केला तर चालेल का?