अंगाई मोबाइलवर नको

बाळाला झोपवण्यासाठी मोबाइलवर अंगाई लावण्याची सोय सुचवणारा लेख वाचला. ती सूचना पटली नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे. आजीचा आवाज बेसूर असेना, बाळाला तो ओळखीचा असतो. रोज एकच संथ चाल म्हणावी, त्याच ठेक्यावर हलके थोपटावे. डोळे मिटताच आपण एकदम थांबतो आणि बाळ दचकून उठते. त्याऐवजी आधी शब्द सोडून नुसते गुणगुणावे, मग थोपटणे मंदावावे. हात मात्र थोडा वेळ अंगावर राहू द्यावा. नंतर उताणे निजवावे. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतही हे सहज जमते.

– एक वाचक, परळ, मुंबई